पारा हाताशी होता म्हणून

जड धातूंच्या अणूंवर मंद इलेक्ट्रॉन आदळले की ते किती आणि कोणकोणत्या दिशांना विखुरतात, याची मोजमापे गेली शंभराहून अधिक वर्षे चालू आहेत. ती सगळी एकत्र ठेवून पाहिली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. पारा, थॅलियम, शिसे आणि बिस्मथ हे आवर्त सारणीतले एकमेकांना लागून बसलेले चार शेजारी. अणुक्रमांक ८० ते ८३. त्यांतल्या पाऱ्याच्या नावावर मोजमापांची रास आहे आणि बाकीच्या तिघांची गोष्ट मोजक्या प्रयोगांत आटोपते. निसर्गाने पाऱ्याला काही वेगळे महत्त्व दिले आहे असे नाही. कारण साधे आहे. एक पास्कल इतका बाष्पदाब मिळवायचा तर पारा ४२ अंश सेल्सियसपर्यंत तापवला की पुरते. त्याच दाबासाठी थॅलियमला ६०९ अंश लागतात, बिस्मथला ६६८, शिशाला ७०५ आणि पाऱ्याच्या अलीकडच्या घरात बसलेल्या सोन्याला १३७३. माझे म्हणणे असे की या शाखेचा इतिहास या पाच आकड्यांनी घडवला आहे. आधी पारा हाताशी आला आणि मग त्याला विचारता येतील असे प्रश्न भौतिकीने विचारले. त्यांतून निघालेले एक उत्तर मात्र इतके खोल होते की सोयीने केलेली निवड पुढे तत्त्वानेच केल्यासारखी वाटू लागली, आणि ती सोय होती याचाच विसर पडला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत पारा मुद्दाम आणावा लागत नसे. तो तिथे होताच. निर्वात करणारे पंप पाऱ्यावर चालत, दाब पाऱ्याच्या स्तंभाने मोजत, आणि पाऱ्याच्या वाफेचा दिवा शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच बाजारात आला होता. त्या दिव्यामुळे पाऱ्याचा वर्णपटही चांगला परिचयाचा झाला होता. बर्लिनमध्ये १९१४ साली जेम्स फ्रांक आणि गुस्टाव्ह हर्ट्झ यांनी जो प्रयोग केला, तो या साऱ्या तयारीवर उभा होता. शंभर अंशांच्या थोड्या वर तापवलेल्या काचेच्या नळीत पाऱ्याची वाफ भरलेली, आत तापलेली तार, तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन जाळीकडे ओढणारा विद्युतदाब, आणि जाळीपलीकडच्या पट्टीवर पोचणारा प्रवाह मोजणारे उपकरण. विद्युतदाब वाढवावा तसा प्रवाह वाढतो आणि ४.९ व्होल्टला एकदम कोसळतो; पुन्हा वाढतो आणि आणखी ४.९ व्होल्टनंतर पुन्हा कोसळतो. तोवर इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूंवर आपटून जवळपास जराही ऊर्जा न गमावता परतत होते; ४.९ ला पोचताच ती सारी ऊर्जा अणूच्या हवाली करून मोकळे होत होते. पाठोपाठ त्यांनी दाखवले की त्या क्षणी वाफेतून २५३६ अँगस्ट्रॉमचा अतिनील प्रकाश बाहेर पडतो. त्यांना स्वतःला हे अणूचे आयनीभवन वाटले होते. बोर यांच्या अणुसिद्धांताशी त्याचा मेळ नंतर बसला आणि १९२५ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. इतिहासाच्या पुस्तकांत हा प्रयोग ऊर्जापातळ्यांचा पुरावा म्हणून येतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो जमला यात पाऱ्याच्या स्वभावाचा वाटा मोठा होता. त्याची वाफ एकेकट्या अणूंची असते आणि ते अणू इलेक्ट्रॉनला चिकटवून घेत नाहीत. रेणूंच्या वायूत इलेक्ट्रॉनची ऊर्जा शंभर वाटांनी झिरपली असती आणि ती पायरी इतकी स्वच्छ दिसली नसती.

पुढचा टप्पा नेमक्या मोजणीचा. १९२१ च्या सुमारास जर्मनीत कार्ल राम्साउअर यांनी चुंबकीय क्षेत्राने इलेक्ट्रॉनांना वर्तुळाकार वाटेवर वळवून, एकाच वेगाचे इलेक्ट्रॉन निवडण्याची युक्ती बसवली. अशा झोताच्या वाटेत वायू सोडायचा आणि झोत किती क्षीण झाला ते पाहायचे. वायूची घनता ठाऊक असेल तर त्यावरून प्रत्येक अणू इलेक्ट्रॉनच्या आड किती क्षेत्रफळ उभे करतो हे काढता येते. या क्षेत्रफळालाच छेदक्षेत्र म्हणतात. रॉबर्ट ब्रोड यांनी १९२९-३० मध्ये ही पद्धत धातूंच्या वाफांना लावली: पारा, जस्त, कॅडमियम आणि अल्कली धातू. पाऱ्याचा फायदा इथे आणखी स्पष्ट होतो. गरम धातूच्या वाफेत दाबमापक ठेवला तर वाफ त्याच्याच थंड भिंतींवर गोठते, म्हणून घनता अप्रत्यक्षपणे, तापमानावरून काढावी लागते. पाऱ्याचे तापमान आणि बाष्पदाब यांचे नाते काळजीपूर्वक तपासलेले होते आणि पाण्याच्या साध्या कुंडात तापमान स्थिर राखणे शक्य होते. तरीही डोळ्यांत तेल घालून राहावे लागे, कारण नेहमीच्या तापमानाला पारा एका अंशाने अधिक तापला तर त्याचा बाष्पदाब आठ-नऊ टक्क्यांनी चढतो आणि तेवढीच चूक थेट छेदक्षेत्रात उतरते. ब्रोड यांच्या मोजणीतून निघालेला निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या कवचाची रचना सारखी असलेल्या अणूंचे वक्र एकमेकांसारखे दिसतात. जस्त, कॅडमियम आणि पारा यांचे वक्र एकाच घराण्यातले आहेत. म्हणजे एकूण किती विखुरले एवढाच प्रश्न विचारला, तर अणू जड आहे की हलका हे फारसे कळत नाही. पाऱ्याच्या केंद्रातला ८० चा प्रचंड भार असा प्रश्न विचारल्यावर गप्पच बसतो.

कोणी म्हणेल, या शाखेचा पाया अक्रिय वायूंनी घातला, पाऱ्याने नाही. आर्गॉनमधून अत्यंत मंद इलेक्ट्रॉन जवळजवळ अडथळ्याविना पार होतात हा शोध राम्साउअर यांचा, आणि ऑक्सफर्डमध्ये टाउनसेंड व बेली यांनी स्वतंत्रपणे लावलेला. इलेक्ट्रॉनच्या तरंगरूपाची चाहूल त्यातच होती आणि फाक्सेन व होल्ट्समार्क यांनी १९२७ मध्ये त्याचे गणितही मांडले. हा आक्षेप तथ्याला धरून आहे आणि मला तो मान्य आहे. पण अक्रिय वायूंची रांग उपयोगाच्या दृष्टीने झेनॉनपाशी, ५४ ला संपते. पुढचा रेडॉन किरणोत्सारी. ज्यांना जड केंद्राचा परिणाम पाहायचा त्यांना ८० च्या आसपास खोलीच्या तापमानाला सहज वाफ देणारा एकच अणू उपलब्ध होता. शिवाय अक्रिय वायूंच्या मोजमापांवरही पाऱ्याची सावली पडलेलीच होती. वायूचा दाब पाऱ्याच्या मॅक्लिऑड मापकाने मोजत आणि पाऱ्याची वाफ उपकरणात शिरू नये म्हणून मध्ये द्रवरूप हवेने गार केलेला सापळा ठेवत. मापकातून सापळ्याकडे सतत वाहणारी ही वाफ वाटेतल्या वायूला सोबत ढकलते, त्यामुळे मापक खरा दाब सांगतच नाही. गेडे यांनी हे १९१५ मध्येच दाखवले होते, पण इशी आणि नाकायामा यांनी १९६१ मध्ये ते पुन्हा नीट मोजून मांडेपर्यंत बहुतेकांनी त्याकडे काणाडोळा केला. ही चूक जड वायूंत सर्वाधिक, म्हणजे झेनॉनसारख्यात. जुन्या तक्त्यांतले काही आकडे यामुळेच बदलावे लागले.

आता कोनांकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. एकूण किती विखुरले याऐवजी कोणत्या कोनात किती विखुरले हे मोजले की वक्राला डोंगर आणि दऱ्या फुटतात. पाऱ्याच्या वाफेत या चढउतारांची पद्धतशीर नोंद अर्नट यांनी १९३१ मध्ये केली. तरंगांचे व्यतिकरण म्हणून त्यांचा अर्थ लावला गेला, आणि दऱ्यांकडे साहजिकच कोणी फारसे पाहिले नाही. जिथे इलेक्ट्रॉनच कमी तिथे मोजायचे काय? याच सुमारास, १९२९ मध्ये, नेव्हिल मॉट यांनी एका निराळ्याच प्रश्नाला हात घातला होता. मोकळ्या इलेक्ट्रॉनचा स्पिन, म्हणजे त्याचे अंगभूत परिवलन, वाट वाकवण्याच्या साध्या प्रयोगाने कधीच मोजता येणार नाही, असे बोर यांचे प्रतिपादन होते. डिरॅक यांचे समीकरण वापरून मॉट यांनी दाखवले की जड केंद्राजवळून जाताना स्पिन आणि कक्षीय गती यांची गाठ पडते, आणि इलेक्ट्रॉन दोनदा विखुरले तर दुसऱ्या वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाणाऱ्यांची संख्या सारखी राहत नाही. त्यांच्या मनात होते वेगवान इलेक्ट्रॉन आणि सोन्याचा वर्ख. पुढची चौदा वर्षे हा फरक शोधण्यात गेली. डायमंड यांनी १९३४ मध्ये कसून मोजले आणि काहीच हाती लागले नाही. जर्मनीत एमिल रुप यांनी ध्रुवण, म्हणजे स्पिनचा एका दिशेला कल, दिसल्याचे दावे केले, पण १९३५ मध्ये त्यांना आपले काही लेख मागे घ्यावे लागले आणि त्यांच्या साऱ्याच कामावरचा विश्वास उडाला. ते ज्या संस्थेत काम करत होते तिचे प्रमुख होते तेच राम्साउअर. अडचण वर्खात होती. घन पदार्थात इलेक्ट्रॉन एकदाच विखुरत नाही. आत अनेक ठेचा खाऊन बाहेर येतो आणि एकेका अणूने त्याला काय केले ते पुसले जाते. शल, चेस आणि मायर्स यांनी १९४३ मध्ये ४०० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या झोताने आणि वर्खाची मांडणी सुधारून अखेर मॉट यांचे भाकीत खरे ठरवले.

इथेच पाऱ्याची दुसरी, आणि माझ्या मते अधिक मोठी, कामगिरी सुरू होते. वाफेच्या विरळ झोतात इलेक्ट्रॉन एकाच अणूला भेटतो. शिवाय इलेक्ट्रॉन मंद असेल तर दऱ्या खोल होतात, आणि दरीत जे घडते ते डोंगरावर घडत नाही. विखुरण्याचे दोन मार्ग असतात, स्पिन तसाच ठेवणारा आणि स्पिन उलटवणारा. पहिला बहुतेक कोनांत प्रबळ, दुसरा सर्वत्र दुबळा. ध्रुवण उपजते ते दोघांच्या संगमातून, आणि दोघे जवळपास समबल असतील तिथेच ते मोठे होते. पहिला मार्ग दरीत स्वतःशीच व्यतिकरण होऊन जवळजवळ विझतो, आणि तेवढ्याच चिंचोळ्या जागेत दुसऱ्याचा आवाज ऐकू येतो. म्हणून ज्या कोनात सर्वांत कमी इलेक्ट्रॉन येतात, तिथेच आलेल्यांचे स्पिन सर्वाधिक एकदिश असतात. मॅसी आणि मोर यांनी १९४१ मध्ये मंद इलेक्ट्रॉनांसाठी याचे गणित केले होते. प्रयोगाला वीस वर्षे लागली. जर्मनीत डाइखसेल यांनी १९६१ मध्ये पाऱ्यावर सुरुवात केली. मग कार्ल्सरूहमध्ये योस्ट आणि केसलर यांनी काही शे ते हजार-दीड हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात दरीमागून दरी मोजली. ध्रुवण निम्म्याहून खूप वर गेलेले दिसले.

या प्रयोगाची मांडणी थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. पाऱ्याचा झोत एका बारीक तोटीतून निघून समोरच्या द्रव नायट्रोजनने गार केलेल्या भिंतीवर जाऊन गोठतो. पारा उणे ३९ अंशांना गोठतो आणि ती भिंत उणे १९६ ला असते, त्यामुळे एकदा पोचलेला अणू परत येत नाही आणि निर्वात टिकतो. इलेक्ट्रॉनचा झोत त्याला आडवा छेदतो. ठरावीक कोनात विखुरलेले इलेक्ट्रॉन गाळून घ्यायचे, त्यांतले ऊर्जा गमावलेले वगळायचे, उरलेल्यांना शंभराहून अधिक किलोव्होल्टने वेग द्यायचा आणि सोन्याच्या वर्खावर सोडायचे. वर्खाच्या डाव्या-उजव्या बाजूंना १२० अंशांवर दोन गणक. दोघांच्या मोजणीतला फरक म्हणजे स्पिनचा कल. म्हणजे मॉट यांचे वेगवान इलेक्ट्रॉन आता मापनयंत्र झाले होते, आणि प्रश्न मंद इलेक्ट्रॉनांचा होता. मंदपणाचीही किंमत असते. दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनला पृथ्वीचे नुसते चुंबकीय क्षेत्र वीसेक सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळवते, म्हणून सगळी यंत्रणा चुंबकीय कवचात किंवा भोवतीच्या वेटोळ्यांत ठेवावी लागते. दरी काही अंशच रुंद असते, तेव्हा कोनाची ढिलाई चालत नाही. दरीत इलेक्ट्रॉन मुळातच थोडे, तेव्हा मोजणीला घाई करून भागत नाही. या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण इथे यशाची खूण म्हणजे गणकावरची वाढती संख्या नव्हे, तर दोन लहान संख्यांमधला विश्वासार्ह फरक.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक वजनदार आहे. दिशा दिली ती सिद्धांताने; मॉट, मॅसी, मोर यांनी कुठे पाहायचे ते सांगितले आणि प्रयोगकर्त्यांनी तिथे पाहिले, मग पारा काय किंवा आणखी काय, निमित्तमात्र. पण सिद्धांताच्या कागदांवर कोणता अणू आहे ते पाहा. नोआ शर्मन यांनी १९५६ मध्ये उघड्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे आवरण नसलेल्या, केंद्रावरच्या प्रकीर्णनाचे (विखुरण्याचे) जे तक्ते छापले आणि ज्यांवरून डाव्या-उजव्या फरकाला ध्रुवणाशी जोडणाऱ्या गुणोत्तराला आजही त्यांचे नाव आहे, ते तीन केंद्रांसाठी होते: ॲल्युमिनियम, कॅडमियम आणि पारा. प्रत्यक्ष मापकात वापरतात ते सोने, अणुक्रमांक ७९. पण तक्त्यात जागा मिळाली ती ८० ला. पुढे १९६४ मध्ये होल्त्सवार्ट आणि माइस्टर यांनी इलेक्ट्रॉनांच्या आवरणाचा परिणाम धरून गणित केले तेव्हाही पारा होताच. कोणता अणू मोजता येईल याची जाण गणित करणाऱ्यालाही असते, आणि मोजलेले आकडे उपलब्ध असतील तिथेच त्याला आपले गणित तपासता येते. सिद्धांताने प्रश्न दिला हे खरे. पण तो कोणाला विचारायचा हे वाफेने ठरवले.

या सोयीची किंमतही मोजली गेली. पाऱ्याचे बाहेरचे कवच भरलेले, त्यामुळे अणूला स्वतःचा स्पिन नाही. प्रश्न सोपा होतो, पण थोडा एकांगीही. थॅलियम, शिसे, बिस्मथ यांच्या बाहेरच्या कक्षांत अनुक्रमे एक, दोन आणि तीन पी-इलेक्ट्रॉन येतात, आणि आदळणारा इलेक्ट्रॉन मंद असेल तर त्यांच्याशी त्याची अदलाबदल होण्याची शक्यता उभी राहते. हे पाहायला भट्टी हवी. भट्टी म्हणजे नवी डोकेदुखी: तापवणारा विद्युतप्रवाह चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो, तापलेले भाग स्वतःच इलेक्ट्रॉन सोडतात, आणि शिशाची वाफ फटी, भिंगे, विद्युतरोधक अशा प्रत्येक थंड जागी बसून धातूचा पातळ थर चढवते. केसलर यांचा गट पुढे म्यून्स्टरला गेला आणि तिथे १९८७ मध्ये पारा, थॅलियम, शिसे आणि बिस्मथ या चौघांच्या ध्रुवणाची शेजारी-शेजारी मांडणी प्रसिद्ध झाली. मंद इलेक्ट्रॉनांच्या प्रयोगांत ही चार भावंडे प्रथमच एका रांगेत उभी राहिली ती पाऱ्यावरच्या ध्रुवणाच्या पहिल्या प्रयोगानंतर पंचवीसेक वर्षांनी. मध्यंतरी गॅलियम आर्सेनाइडच्या पृष्ठभागावर प्रकाश टाकून आधीच ध्रुवित इलेक्ट्रॉन मिळवण्याची रीत झुरिकमध्ये पिअर्स आणि मायर यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्याला बसवली होती. तिच्यामुळे दोन्ही मार्गांची मोठाई आणि त्यांच्यातला तरंगांच्या कलेचा फरक असे सारेच मोजून प्रकीर्णनाचा पूर्ण ताळेबंद मांडणे शक्य झाले. बर्गर आणि केसलर यांनी १९८६ मध्ये तो मांडला, आणि अणू निवडले ते पारा व झेनॉन, म्हणजे पुन्हा वाफ आणि वायू.

पाऱ्याचा हा मान दिव्यांच्या उद्योगामुळे आहे, असेही म्हणता येईल. घरोघरी, आपल्याकडेही, ज्या ट्यूबलाइट लागल्या त्यांच्या नळीत एक पास्कलच्या आसपास पाऱ्याची वाफ असते, आणि मंद इलेक्ट्रॉन तिच्यावर आदळून फ्रांक-हर्ट्झ यांचाच अतिनील प्रकाश देतात; नळीचा पांढरा लेप त्याला दृश्य करतो. अशा नळीचे गणित करायला छेदक्षेत्रे लागतात, आणि रॉकवुड यांनी १९७३ मध्ये वाफेतून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या वेगांवरून ती काढली. योस्ट आणि ओनेमुस यांनी १९७९ मध्ये ०.१ पासून ५०० इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतची एकूण छेदक्षेत्रे थेट मोजली, ब्रोड यांच्यानंतर बरोबर अर्ध्या शतकाने. उद्योगाला यांतल्या काही आकड्यांची गरज होती, हे खरे. पण दिव्यासाठी लागतात ती शून्य ते काही इलेक्ट्रॉन-व्होल्टची एकूण मोजमापे. तीनशे इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दरीत स्पिन कुठे झुकतो, याच्याशी नळीच्या उजेडाचा काही संबंध नाही. आणि दिवाही पारा वापरतो तो त्याच कारणाने, की नळीच्या भिंतीइतक्या तापमानाला तो हवा तेवढा दाब देतो. दिवा आणि प्रयोग यांचे कारण एकच आहे. एक दुसऱ्याचे कारण नाही.

आता २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याच्या वापरावर जगभर बंधने येत आहेत, आणि त्याचे विषारीपण पाहता ती यायलाच हवीत. बेलग्रेडच्या भौतिकी संस्थेतील गटाने पाऱ्याची कोनांनुसार मोजमापे १९९३ मध्ये दिली आणि या शतकात भट्टी पेटवून बिस्मथ व शिशाकडे मोर्चा वळवला. अशा प्रयोगांची गरज आहे, कारण आज संगणक कोणत्याही अणूसाठी वक्र काढून देतो आणि त्या वक्रांची परीक्षा बहुतांशी पाऱ्यावर झालेली असते. पाऱ्यावर उतरलेले गणित शिशावर उतरेलच याची हमी नाही. पूर्ण न भरलेल्या कवचाचे, अदलाबदलीचे आणि मंद झोतात अणूच्या विकृतीचे परिणाम तिथेच सर्वाधिक असतात, आणि दहा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली ते अधिकच तीव्र होतात. तक्त्यात शिसे, थॅलियम किंवा बिस्मथ यांच्यापुढे रिकामा रकाना दिसला तर त्याचा अर्थ तिथे पाहण्यासारखे काही नाही असा घेऊ नये. तिथे सातशे अंशांची भट्टी लागते, एवढाच तो अर्थ आहे.